मामाचे तंबू आणि मामा तलाव

गेल्या शनिवारी दुपारी मामाचा फोन आला. आमच्या मामाचा फोन म्हणजे आधी पाऊस, मग धान, मग "सूनबाई काय म्हनते", आणि सगळ्यात शेवटी ज्यासाठी फोन केला ते. या वेळी पाऊस-धान काहीच नाही. थेट मुद्दा.

"भाचेबुवा, एक पार्टी आली हाय. चाळीस तंबू लावतो म्हनते. पाच वर्षाचा करार, वर्षाचे चार लाख. आपन काहीच करायचं नाही. काय करू?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या 'उद्या'ला आज आठ दिवस झाले. ऑफिसात मला रोज कोणी ना कोणी विचारतं की हे सर्व्हर वाढवायचे का, आणि मी दोन मिनिटांत उत्तर देतो. मामाला उत्तर देता येईना, कारण त्याच्या तंबूंचं पहिलं एक्सेल मीच बनवलं होतं, आणि त्यात एक मोठा बग होता. तो सापडायला मला काही वर्षं लागली. त्याबद्दलच लिहितोय.

आधी पार्श्वभूमी. नागपूरहून भंडारा रोडने निघालात की लाखनीच्या पुढे आणि साकोलीच्या अलीकडे हायवे सोडून आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही शनिवारी तिथे पोचाल. गावाला एक तलाव, तलावाला मातीची पाळ, पाळीवर जुनी आंब्याची झाडं. पाळीच्या एका टोकाला उंचवट्यावर मामाची दीड एकर पड जमीन. धान होत नाही तिथे, मुरूम आहे. २०१६ च्या दिवाळीत मामाने तिथे चार तंबू ठोकले आणि शहरातली माणसं पैसे देऊन त्यात झोपायला लागली. गावात पहिले दोन महिने हा सगळ्यात मोठा विनोद होता. घरात पलंग असताना लोक पैसे देऊन जमिनीवर झोपतात! आज नऊ तंबू आहेत. मामा पाहुण्यांना पाळीवरून पक्षी दाखवतो, मामी रांधते, मामेभाऊ बाकी सगळं करतो. बाकी सगळं म्हणजे काय, ते पुढे येईलच.

आता तलावाबद्दल. आमच्याकडे याला 'मामा तलाव' म्हणतात. माझ्या मामामुळे नव्हे, 'माजी मालगुजारी'चं ते सरकारी संक्षिप्त रूप आहे. (लहानपणी मला खरंच वाटायचं की तलाव मामाचा आहे. वर्गात फुशारकीही मारली होती.) भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि थोडा नागपूर एवढ्या पट्ट्यात असे साडेसहा-सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी हे बांधले. उतार कुठला, पाणी कुठून येईल, पाळ कुठे घालायची, हे त्यांना न शिकता समजायचं. नवेगावबांधचा तलाव त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, मारुती चितमपल्लींमुळे तो पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही माहीत झाला. पुढे १९५० साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने कायदा करून मालगुजारी संपवली (राजधानी आपलं नागपूरच होतं) आणि तलाव सरकारजमा झाले.

म्हणजे बघा. पाणी सरकारचं. त्या पाण्यावर खालच्या धानाचा हक्क. मासे मच्छीमार सहकारी संस्थेचे, ठेका त्यांच्याकडे, आणि संस्थेत सगळे ढिवर समाजाचे. उन्हाळ्यात पाणी आटलं की उघड्या पडलेल्या गाळावर चरणारी गुरं सगळ्या गावाची. यात मामाचं काय? उंचवट्यावरचा दीड एकर मुरूम आणि तिथून दिसणारं दृश्य. आम्ही फक्त दृश्य विकतो, आणि तेही दुसऱ्याच्या मालकीचं.

हे मला तेव्हा समजलं नव्हतं. मी नवा-नवा टीम लीड झालो होतो आणि दिसेल त्याला स्केल करायला सांगत होतो. "मामा, चार तंबूंत काय होणार? वीस करा." मामा म्हणायचा, "संडास तीन हायेत ना बापू." मी म्हणायचो, ते बघू नंतर. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर हे 'बघू नंतर' तुमच्या ओळखीचं असेल.

२०१८ च्या ३१ डिसेंबरला मी माझा प्रयोग करून घेतला. नागपुरातून तंबू भाड्याने आणले, सोशल मीडियावर पोस्टी टाकल्या, ओळखीच्या ओळखी काढल्या. एकसष्ट माणसं आली. स्पीकरला मामा नाही म्हणाला होता, पण एका ग्रुपने गाडीचीच डिकी उघडून गाणी लावली. रात्री अकरापर्यंत तिन्ही संडास तुंबले. मामेभाऊ बादल्या घेऊन पळत होता, आणि मी, म्हणजे या सगळ्याचा आर्किटेक्ट, शेकोटीपाशी लोकांना मांडे कसे करतात ते समजावत उभा होतो. एक-दीडच्या सुमारास तिघंजण पाण्यात उतरले. अंधारात, थंडीत, पिऊन. मामाने शिव्या घालून बाहेर काढलं म्हणून बरं, पण त्या गडबडीत संस्थेची रात्री टाकलेली दोन जाळी फाटली.

सकाळी संस्थेचे दोघंजण आले. भांडले नाहीत. पाळीवर बसले, चहा घेतला, फाटकं जाळं मामासमोर ठेवलं. त्यातला म्हातारा एवढंच म्हणाला, "पाटील, तुमचे पाहुने, आमचं पोट." मामाने दोन्ही जाळ्यांचे पैसे दिले. मला काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

त्या अंधारातल्या तिघांची आठवण आली की मला अजूनही कसंतरी होतं. त्याच्या दीड वर्ष आधी, जुलै २०१७ मध्ये, नागपूरजवळच्या वेणा धरणात नाव उलटून तरुण पोरं बुडाली होती, नावेतून फेसबुक लाइव्ह चाललेलं होतं. सगळ्या शहराने तो व्हिडिओ पाहिला होता. मीही. आणि तरी माझ्या एक्सेलमध्ये लाइफ जॅकेट नावाची ओळ नव्हती. मामाकडे आता नाव नाही आणि ठेवणारही नाही. पाण्यात उतरायचं नाही, हा पहिला नियम, तो गाडी लावतानाच सांगतो. काही लोक तेवढ्यावरून परत जातात. जाऊ देत.

नंतर मला ऑनसाइट पाठवलं, मिनियापोलिसला. मिनेसोटा म्हणजे दहा हजार तळ्यांचं राज्य, त्यांच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच तसं लिहिलेलं असतं. एका लाँग वीकेंडला आम्ही चौघं देशी पोरं पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ ईली नावाच्या गावी गेलो. तिथून पुढे बाउंडरी वॉटर्स नावाचं संरक्षित जंगल आहे. हजारावर तळी, एकातून दुसऱ्यात जायचं तर होडी डोक्यावर उचलून चालायचं. त्या गावात 'आउटफिटर' नावाची दुकानं असतात. आपल्याकडे या धंद्याला शब्द नाही. होडी, तंबू, झोपायची पिशवी, पाच दिवसांचा शिधा मोजून बांधलेला, नकाशा, परवाना, सगळं तेच देतात आणि तुम्हाला पाण्यापर्यंत सोडतात. आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते घरचंच दुकान होतं. आजोबांनी सुरू केलेलं, काउंटरवर नात, मागे तिचा बाप होड्यांना ठिगळं लावत बसलेला. मला एकदम मामेभाऊ दिसला.

तिथले नियम ऐकून मी चाट पडलो. एका गटात नऊच्या वर माणसं नाहीत, चारच्या वर होड्या नाहीत. पेयांचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायच्याच नाहीत. मे ते सप्टेंबर या काळात कुठल्या वाटेने रोज किती गट मुक्कामाला आत जाणार, याचा कोटा ठरलेला. कोटा संपला की संपला. मी त्या मुलीला माझ्या जुन्या सवयीने विचारलं, याने तुमचा धंदा मार खात नाही का? तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. म्हणाली, कोटा नसता तर इथे येण्यासारखं काही उरलं असतं का?

हे वाचून 'बघा, तिकडे कसं आणि आपल्याकडे कसं' असा सूर कोणी लावू नये. तिकडे तळ्याखाली धान नाही. तिकडची तळी हिमयुगाने खोदली, आपली माणसांनी पोटासाठी बांधली. फरक लहान नाही. त्यांचा सीझन बर्फ वितळल्यावर सुरू होतो, आपला ऊन उतरल्यावर. दिवाळी ते होळी, बस. मेमध्ये इथे तंबूत झोपायचं म्हणजे स्वतःला पापडासारखं वाळत घालणं. (मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडलेला निघाला, पण आम्हा नागपूरकरांना त्यात अशक्य असं काही वाटलं नव्हतं!)

तर सीझन वीस वीकेंडांचा. आता हिशोब. नऊ तंबू, दोन रात्री, वीस वीकेंड, म्हणजे ३६० तंबूरात्री. यातल्या साठ टक्के भरतात, २१६. दोन माणसांच्या तंबूला जेवणासकट २,४०० रुपये. एकूण ५ लाख १८ हजार. किराणा, कोंबडी, लाकूड, दोन पोरांची मजुरी, डिझेल, फाटलेले तंबू, संडासाचा उपसा, सगळं धरून खर्च ३ लाख २८ हजार. उरले १ लाख ९०. मी हा आकडा दरवर्षी पाहायचो आणि मामाला म्हणायचो, वा! खडकावर एवढं कोणाला मिळतं?

बग कुठे होता? तो मला गेल्या जानेवारीत दिसला, पहाटे साडेचारला. थंडीने झोप उडाली म्हणून तंबूतून बाहेर आलो, तर स्वयंपाकाच्या छपरात दिवा. मामी वांगी भाजत बसली होती. आदल्या रात्री साडेअकराला तिला भांडी आवरताना पाहिलं होतं. मी विचारलं, मामी, झोपल्या नाही का? म्हणाली, "झोपली ना. सोमवारी झोपतो अजून." त्या दिवशी पाहुण्यांनी भरताचे फोटो काढले, खाली लिहिलं 'आजीच्या हातची चव'. मामी बावन्न वर्षांची आहे.

माझ्या एक्सेलमध्ये मामी नव्हती. मामेभाऊ नव्हता. लिनक्स फुकट असतं तसे ते दोघं मी फुकट धरले होते. शुक्रवारची तयारी, शनिवार-रविवार, सोमवारचं धुणं-आवरणं, असे आठवड्याचे चार दिवस, सीझनचे ऐंशी. नागपुरात केटरिंगवाल्याचा आचारी दिवसाचे दीड हजार घेतो. त्याच दराने मामीचे १ लाख २० हजार. मामेभावाचे ८०० रुपयांनी ६४ हजार. १ लाख ९० हजारांतून १ लाख ८४ हजार वजा करा. सहा हजार. मामाची मजुरी अजून धरलेलीच नाही.

'घरचा धंदा' या शब्दाला आपण किती भुलतो! हॉटेलचं नको, घरगुती हवं. घरगुती म्हणजे ज्यात कोणाला तरी पगार नाही. ईलीच्या त्या मुलीला पगार मिळायचा की नाही, हे मी विचारलं नव्हतं. आता विचारावंसं वाटतं.

आणि मग तोच 'घरगुती' पाहुणा फोनवर घासाघीस करतो. मी हे फोन घेतलेले आहेत. धरमपेठेत कॉफी आणि सँडविचला चारशे रुपये न बोलता देणारा माणूस (मीच, दुसरा कोण) इथे म्हणतो, "काका, आम्ही सहा जण आहोत, काहीतरी कमी करा ना." आपल्याला वाटतं गावात सगळं स्वस्तच पडतं. तंबूमागे सहाशे रुपये वाढवले, म्हणजे माणशी तीनशे, तर मामीची मजुरी निघते. तीनशे! मी हे मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लोक येतीन का पन?" हा प्रश्न मामाने नाही, आपण स्वतःला विचारायचा आहे.

आता ते चार लाख. पार्टी चाळीस तंबू लावणार, नाव सोडणार, डीजे लावणार. मामाला बसल्याजागी दुप्पट. सरळ हिशोबात हो म्हणायला हवं, आणि मामीच्या त्या साडेचारच्या दिव्याकडे पाहून तर नक्कीच. मी दोन दिवस हो म्हणायच्याच बेतात होतो. गावची शांतता टिकावी म्हणून मामीने आयुष्यभर वांगी भाजावीत, असं शहरात बसून मी कोणत्या तोंडाने सांगणार?

पण मला एक जुनी गोष्ट आठवली. एका वर्षी सप्टेंबरात पावसाने दगा दिला. धान निसवायला आलेलं, शेतात भेगा. पाणीवापर संस्थेची बैठक झाली, मामा तिच्यात आहे. पाणी आत्ता सोडलं तर धान वाचणार, पण दिवाळीला तलाव अर्ध्यावर येणार आणि मामाच्या तंबूंपुढे पन्नास पावलं चिखल. मामाने पाणी सोडायला हात वर केला. तुडूम उघडलं, पाणी पाटाने खाली गेलं. त्या डिसेंबरात पाहुण्यांनी ऑनलाइन लिहिलं, 'लेक व्ह्यू नाही, फसवणूक.' एक तारा. मामाच्या स्वतःच्या दोन एकरांचं धान मात्र झालं, आणि बाकी गावाचंही.

उद्या तिथे चाळीस तंबूंचा करार असेल, कोणीतरी पंधरा-वीस लाख गुंतवलेले असतील, आणि पुन्हा असा सप्टेंबर आला, तर त्या बैठकीत मामाचा हात वर जाईल का? करार करणारा माणूस वाईट असायचीही गरज नाही. त्याला दिवाळीला तलाव भरलेला हवा असणार, बस. पवनेच्या काठी काय झालं ते पुण्याच्या मित्रांना विचारा. धरणात जमिनी गेलेल्या गावांतली पोरं तंबू लावायला लागली तेव्हा मला आनंदच झाला होता, आता तिथे शनिवारी रात्री तळं ऐकू येत नाही.

सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, २०२१ साली साहसी पर्यटनाचं. नोंदणी, सुरक्षितता, सगळं कागदावर आलं, ते चांगलंच झालं. पण एका तलावाच्या काठी एकूण तंबू किती, हा प्रश्न मामाच्या गावात अजून मामाच्या मर्जीवर आहे. मामा चांगला माणूस आहे म्हणून नऊ. हे काही डिझाइन नाही, नशीब आहे. मला विचाराल तर तो आकडा ग्रामसभेने ठरवावा, संस्थेच्या म्हाताऱ्याला आणि खालच्या धानवाल्यांना समोर बसवून. दहा म्हणाले तर दहा, पंधरा म्हणाले तर पंधरा. तंबूमागे काही रक्कम तलावाला द्यावी. पाळीला डागडुजी लागते, पाण्यात बेशरमची झुडपं माजलीत. भंडारा-गोंदियात ढिवर बायकांनी काही तलावांतली बेशरम उपटून पाण्यातल्या जुन्या वनस्पती परत लावल्या, त्याने मासे आणि पाखरं दोन्ही परत येतात. त्यांना मजुरी द्यायला पैसा लागतो आणि तो पाखरं बघायला येणाऱ्यांनीच द्यायला हवा, दुसऱ्या कोणी का द्यावा?

हे सगळं काल रात्री मामाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू म्हनतं ते खरं. पन तुह्या मामीले इचारलं का कोनी?"

नव्हतं विचारलं. एवढं पुराण झालं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं. मामाने फोन स्पीकरवर टाकला. मामी म्हणाली, पार्टीला देऊ नका, ते लोक पाळीवर गाड्या घालतील. पण पुढच्या दिवाळीपासून एक बाई मदतीला हवी, आणि माझे पैसे माझ्या खात्यात. मामेभाऊ मागून ओरडला, "माहेही!" तो नागपुरात नोकरी शोधतोय, हे मला माहीत होतं, मामाला नव्हतं. आता त्यालाही कळलं असावं, कारण बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

नवा दर आज सकाळीच लागला. तीन हजार. दुपारपर्यंत एका ग्रुपचा फोन आला, सात जण, नागपूरचेच, "काही कमी होईल का?" फोन मामीने उचलला होता.

"होईन ना," ती म्हणाली. "भांडे तुमी घासा."